दिल्ली ते काठमांडू: अंतर ८१५ किलोमीटर, पण वेळ किती धरायचा?

मावशीला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जायचे होते. तिकिटे काढून दिली आणि छापील कागद तिच्या हातात ठेवला. चष्मा सावरत तिने दोन्ही ओळी वाचल्या. जाताना दिल्लीहून १०:०० ला निघून काठमांडूला १२:०५. येताना काठमांडूहून १३:०० ला निघून दिल्लीला १४:४०. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जाताना दोन तास पाच मिनिटं आणि येताना एक तास चाळीस? येताना उतार आहे का रे?"

उतार नाही. उलट येतानाच विमानाला जास्त वेळ लागतो. कागदावर दिसते त्याच्या अगदी उलटे. हा घोळ एकदा समजला की या प्रवासाचे बाकीचे नियोजन सोपे होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी घड्याळ

नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. आपल्याकडे दहा वाजतात तेव्हा काठमांडूत सव्वादहा झालेले असतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. नेपाळने १९८६ पासून गौरीशंकर शिखराजवळून जाणारा ८६ अंश १५ मिनिटे हा रेखांश धरला. दोहोंत फरक पावणेचार अंशांचा. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे पावणेचार अंशांना बरोबर १५ मिनिटे.

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचणाऱ्या शहराची. म्हणून हिशेब असा करायचा:

जाताना तिकिटावरच्या फरकातून १५ मिनिटे वजा करा. मावशीच्या तिकिटात २ तास ५ मिनिटे वजा १५, म्हणजे १ तास ५० मिनिटे.

येताना १५ मिनिटे मिळवा. १ तास ४० मिनिटे अधिक १५, म्हणजे १ तास ५५ मिनिटे.

फरक पाचच मिनिटांचा निघाला, पण तो येतानाच्या बाजूने निघाला.

पंधरा मिनिटे म्हणजे काय एवढे, असे मलाही वाटायचे. पहिल्या खेपेला काठमांडूत मी फोन फ्लाइट मोडवर ठेवून नुसते हॉटेलचे वायफाय वापरत होतो. घड्याळ भारताच्या वेळेवरच राहिले होते. टॅक्सी नऊला सांगितलेली. पावणेनऊला मी निवांत चहा घेत बसलो होतो, तर ड्रायव्हर दारात उभा: "हजुर, नौ बज्यो." अर्धा चहा तसाच टाकून उठलो. तेव्हापासून उतरल्या उतरल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वेळ हाताने काठमांडूची करतो. पुढचा चहा तरी पूर्ण होतो.

अंतर घरी बसून काढता येते

नकाशाच्या संकेतस्थळांवर वेगवेगळे आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो. त्यात रस्त्याचे अंतर, सरळ रेषेतले हवाई अंतर आणि विमान प्रत्यक्षात कापते ते अंतर, असे तीन वेगळे आकडे मिसळलेले असतात. हवाई अंतर आपले आपण काढले की बाकीच्यांची तुलना करता येते. शाळेतले पायथागोरसचे प्रमेय आणि कॅल्क्युलेटर एवढे पुरते.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. दिल्ली: २८.५६ उत्तर, ७७.१० पूर्व. काठमांडू: २७.७० उत्तर, ८५.३६ पूर्व.

अक्षांशांतला फरक ०.८६. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की ९५ किलोमीटर. काठमांडू दिल्लीच्या एवढे दक्षिणेला आहे. हो, दक्षिणेला. नेपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर 'वर' येते, पण काठमांडूचा अक्षांश दिल्लीपेक्षा कमी आहे. जवळजवळ सगळा प्रवास पूर्वेकडचा आहे आणि याचा संबंध पुढे वाऱ्याशीही येणार आहे, खिडकीशीही.

रेखांशांतला फरक ८.२६. इथे सरळ १११ ने गुणायचे नाही, कारण ध्रुवाकडे जावे तसे रेखांश जवळ येत जातात. दोन्ही शहरांचा मधला अक्षांश २८.१३, त्याचा कोसाइन ०.८८२. मग ८.२६ गुणिले १११ गुणिले ०.८८२, म्हणजे ८०९ किलोमीटर.

आता ९५ चा वर्ग अधिक ८०९ चा वर्ग आणि त्याचे वर्गमूळ: सुमारे ८१५ किलोमीटर. एवढ्या कमी अंतरावर पृथ्वीच्या गोलाईने एक-दोन किलोमीटरचाच फरक पडतो, तो सोडून द्या.

हीच रीत मुंबईला लावली (१९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व) तर काठमांडूचे सरळ हवाई अंतर सुमारे १,५९० किलोमीटर येते. मुंबई-दिल्ली सुमारे १,१३५. म्हणजे दिल्लीमार्गे गेलात तर एकूण १,९५० किलोमीटर, सरळ जाण्यापेक्षा ३६० किलोमीटरचा वळसा. अर्थात दिल्लीमार्गे जाताना जो वेळ जातो तो या वळशात जात नाही, दिल्लीच्या विमानतळावर बसण्यात जातो.

८१५ किलोमीटरला पावणेदोन तास का?

जेट विमान ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे उडते. मग हे अंतर तासाभरात संपायला हवे.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान दिल्लीच्या गेटवरून मागे सरकते तिथपासून काठमांडूत जागेवर उभे राहते तिथपर्यंतचा तो वेळ. दिल्लीत टर्मिनल ३ वरून धावपट्टीपर्यंत जमिनीवरच पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. समोर चार विमाने रांगेत असली तर त्याहून जास्त. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसते. शिवाय ते सरळ रेषेतही जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते आणि काठमांडूला येणारी बरीच विमाने तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाटीतल्या, सिमरा गावाच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून खोऱ्यात शिरतात.

छोट्या प्रवासांसाठी माझा ठोकताळा असा: अंतराला ८०० ने भागा आणि त्यात अर्धा तास मिळवा. ८१५ ला साधारण एक तास, अधिक अर्धा तास, म्हणजे दीड तास. काठमांडू असेल तर आणखी वीस मिनिटे धरा. ती वीस मिनिटे खास काठमांडूची.

त्रिभुवन विमानतळ १,३३८ मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. पूर्वी तिथे गाई चरायच्या, म्हणून जुने नाव गौचर. १९४९ मध्ये तिथे पहिले विमान उतरले आणि १९५५ मध्ये राजा त्रिभुवन यांचे नाव मिळाले. आजही धावपट्टी एकच आहे. आंतरराष्ट्रीय मोठी विमाने आणि पोखरा-लुक्लाकडची छोटी पंख्यांची विमाने, सगळी तिच्यावरच. त्यात डोंगरांमुळे मोठी विमाने बहुधा दक्षिणेकडून येऊन उतरतात आणि उडतानाही बहुधा दक्षिणेकडेच तोंड करून उडतात. घाटातल्या एकेरी वाहतुकीसारखे आहे हे: खालून येणाऱ्या गाड्या थांबल्याशिवाय वरच्या सुटत नाहीत. म्हणून तुमचे विमान काठमांडूच्या अलीकडे हवेत गोल गोल फिरू लागले तर घाबरू नका. त्याला आपली पाळी येईपर्यंत थांबवलेले असते. दहा मिनिटे, कधी अर्धा तास. कंपन्या वेळापत्रकात यातला थोडा वेळ आधीच धरून ठेवतात, त्यामुळे गर्दी नसेल त्या दिवशी विमान वेळेआधी पोहोचते आणि सगळे खूश होतात.

वारा

येताना पाच-दहा मिनिटे जास्त का लागतात, याचे उत्तर वर आहे, दहा-बारा किलोमीटर उंचीवर. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. दिल्ली-काठमांडू प्रवास जवळजवळ सरळ पूर्वेला, त्यामुळे जाताना वारा पाठीशी आणि येताना तोंडावर.

समजा विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० किलोमीटर आणि वारा ताशी १२० चा आहे. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९५०, येताना ७१०. वरच्या उंचीवरचे ६०० किलोमीटर जाताना ३८ मिनिटांत सरतात, येताना ५१ मिनिटे लागतात. पावसाळ्यात हा वारा उत्तरेला सरकतो आणि फरक जवळपास उरत नाही.

हिवाळ्यात धुक्याचाही विचार करावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे विमान घेऊ नका, असे मी सगळ्यांना सांगतो. दिल्लीत धुके, काठमांडूच्या खोऱ्यातही सकाळी धुके. दिल्लीहून वेळेवर सुटलात तरी तिथे उतरायला परवानगी मिळेलच असे नाही. मग विमान लखनौ किंवा वाराणसीला वळते किंवा सरळ परत येते. साडेदहा-अकरानंतरचे विमान असेल तर हा धोका बराच कमी होतो.

महाराष्ट्रातून निघताना

मुंबईहून थेट विमान मिळाले तर उत्तम. वरच्या ठोकताळ्याने १,५९० ला ८०० ने भागले की दोन तास, अधिक अर्धा, अधिक काठमांडूची वीस मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगरकरांना बहुधा दिल्लीच गाठावी लागते.

इथे चूक होते ती दोन वेगळी तिकिटे काढण्याची. पुणे-दिल्ली स्वस्तात एका कंपनीचे, दिल्ली-काठमांडू दुसऱ्या कंपनीचे. पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्या कंपनीला त्याचे काही देणेघेणे नसते. सामानही दिल्लीत उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते. त्यातून देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरले तर टर्मिनल ३ पर्यंत गाडीने जावे लागते. टर्मिनल २ मात्र ३ च्या शेजारीच आहे. वेगळी तिकिटे असतील तर मध्ये निदान पाच तास ठेवा. एकाच तिकिटावर असाल तर तीन तास चालतील. पुण्यातच बॅगेच्या पट्टीवर 'केटीएम' (काठमांडूचा कोड) लिहिले आहे का ते बघा. 'डीईएल' (दिल्लीचा कोड) असेल तर बॅग दिल्लीत घ्यायची आहे.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एवढेच: मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरला कुशीनगर एक्सप्रेस जाते. गोरखपूरहून सोनौलीची सीमा दोन-अडीच तास आणि पलीकडे भैरहवाहून काठमांडूची बस दिवसभराची. दिल्लीहून थेट बसही आहे, एक दिवसाहून जास्त घेते. पावसाळ्यात डोंगरातल्या रस्त्यांवर दरडी कोसळतात. मावशीच्या वयात मी विमानच सुचवीन.

कागद: इथे सर्वांत जास्त लोक अडकतात

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पण 'व्हिसा लागत नाही' म्हणजे 'काहीच लागत नाही' असा अर्थ काढून लोक आधार कार्ड घेऊन विमानतळावर येतात आणि चेक-इनच्या काउंटरवरून परत फिरतात. विमानाने जाणाऱ्या प्रौढाला दोनपैकी एक मूळ कागद हवा: चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. १५ पेक्षा कमी आणि ६५ पेक्षा जास्त वयाच्यांना सवलत आहे. त्यांना वय आणि ओळख पटवणारे फोटोचे कागदपत्र, जसे आधार किंवा पॅन, चालते. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र लागते.

पासपोर्ट असेल तर तोच न्या, बाकी वाद नकोत. नसेल तर मतदार कार्ड आजच कपाटातून काढा आणि नाव वाचा. आपल्याकडची खरी गोची तिथे आहे. कार्डावर नाव एका स्पेलिंगचे, तिकिटावर दुसरे. कार्डावर लग्नाआधीचे आडनाव. वडिलांचे किंवा पतीचे नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. मावशीच्या कार्डावर 'शकुंतला'चे स्पेलिंग असे होते की वाचणाऱ्याला ते वेगळेच नाव वाटावे. तिचे वय ६५ च्या पुढे, म्हणून आधारवर निभावले. पण तिच्या भजनी मंडळातल्या साठीच्या बाईंचे तिकीट कार्डावरच्या स्पेलिंगप्रमाणे पुन्हा दुरुस्त करून घ्यावे लागले. तिकीट काढतानाच कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसेच टाका, मग ते स्पेलिंग कितीही चुकीचे असो.

डावीकडची खिडकी

प्रवास पूर्वेला, म्हणजे उत्तर आणि हिमालय डाव्या हाताला. जाताना 'ए' क्रमांकाची खिडकी, येताना उजवीकडची 'एफ'. पंखावरची रांग टाळा. आकाश निवळलेले असेल तर उड्डाणाच्या शेवटच्या अर्ध्या तासात धवलागिरी (८,१६७ मीटर), मग अन्नपूर्णा (८,०९१ मीटर), मग मनास्लू (८,१६३ मीटर) असे एकामागोमाग येतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते ढगच वाटतात. मग लक्षात येते की हे ढग हलत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नजारा सर्वांत स्वच्छ, जून ते सप्टेंबर खिडकीसाठी जादा पैसे देऊ नका.

उतरल्यावर

व्हिसाच्या रांगेत उभे राहू नका, ती इतर देशांच्या लोकांसाठी आहे. सामान घेऊन बाहेर पडायला पाऊण तास ते तास धरा. ठमेल, म्हणजे काठमांडूतला हॉटेलांचा भाग, पाच-सहा किलोमीटर आहे, पण संध्याकाळच्या गर्दीत त्यालाही पाऊण तास लागतो. पशुपतिनाथ तर विमानतळाच्या शेजारीच. मंदिराच्या आवारात डोक्यावरून विमाने जातात. चामड्याचा पट्टा, पाकीट हॉटेलवर ठेवून जा, मुख्य मंदिरात चालत नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे: १९९३ पासून भारताच्या १ रुपयाला नेपाळचे १.६० रुपये हा दर बांधलेला आहे. १०० चे १६०. मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने बंधने घातली, ती बदलत राहिली, त्यामुळे शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्याव्यात. दुकानदाराने किंमत सांगितली की 'आयसी की एनसी?' असे विचारा. आयसी म्हणजे भारताचे रुपये, एनसी म्हणजे नेपाळचे. न विचारता शंभराची नोट पुढे केलीत तर नेपाळचे साठ रुपये गेलेच समजा.

२०२४ पासून बऱ्याच दुकानांत भारतीय यूपीआयने क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात. त्या कोडवर 'फोनपे' लिहिलेले असते. ती नेपाळची वेगळी कंपनी आहे, आपल्या फोनपेशी नाव ऐकायला जुळते इतकेच. बँका शनिवारी बंद असतात, रविवारी नव्हे.

दिवसाचा खरा हिशेब

दहाचे विमान असेल तर टर्मिनल ३ वर सातला पोहोचा. दिल्लीत मुक्काम असला तर सहाला निघा. १२:०५ ला उतरलात, एकला बाहेर आलात, पावणेदोनला ठमेलच्या खोलीत. घड्याळाची पंधरा मिनिटे वजा केली तर दारापासून दारापर्यंत साडेसात तास. त्यातला हवेतला वेळ सव्वा ते दीड तास. म्हणून त्या दिवशी दुपारी पाटणला जाऊन येऊ, भक्तपूरही उरकू (दोन्ही काठमांडूजवळची जुनी शहरे), असले बेत करू नका. संध्याकाळची पशुपतिनाथाची बागमतीकाठची आरती मात्र निवांत गाठता येते.

परतीचा दिवस

काठमांडूत तीन तास आधी पोहोचाच. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी ८१४ विमानाचे अपहरण झाले. तेव्हापासून भारतात येणाऱ्या विमानांसाठी इथे जादा तपासणी असते. विमानतळाची तपासणी झाल्यावर विमानाच्या शिडीजवळ हातातले सामान पुन्हा उघडून बघतात. हातातल्या पिशवीत वरच्या बाजूला सुटे काही कोंबू नका, दोनदा काढून दोनदा भरावे लागेल. भेट म्हणून खुकरी घेतली असेल तर ती चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीत.

आणि दिल्लीहून पुण्याचे पुढचे विमान धरायचे असेल तर परतीचे गणित तोंडावरच्या वाऱ्यासकट मांडा. मावशीचे विमान १३:०० ला सुटायचे ते एकेरी घाटात अडकून १३:३५ ला सुटले आणि दिल्लीला १५:२० ला टेकले. तिकिटाच्या हिशेबाने चाळीस मिनिटे उशीर. पुढचे विमान साडेसातचे घेतले होते. मावशीने मधल्या वेळात विमानतळावर पोहे शोधले, मिळाले नाहीत, मग साताऱ्याहून सोबत नेलेली दशमी काढली.